खर्जाच्या वाद्याचे तारस्वर

बास क्लॅरिनेट हे क्लॅरिनेटच्या कुळातले खर्जाचे वाद्य. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटपेक्षा ते बरोबर एक सप्तक खाली वाजते. लग्नाच्या बँडमुळे जे क्लॅरिनेट मराठी कानांच्या ओळखीचे आहे, त्याची लांबी 66-67 सेंमी असते. बास क्लॅरिनेटची नळी जवळजवळ तिच्या दुप्पट. एवढे लांब वाद्य सरळ ओठांशी धरणे शक्य नसते. म्हणून त्याच्या वरच्या टोकाला धातूची वाकवलेली मान असते, खाली वर वळलेली धातूची बेल असते आणि भार पेलायला जमिनीवर टेकणारी खुंटी असते. या वाद्याची निर्मिती खालच्या स्वरांसाठी झाली आणि शंभर-सव्वाशे वर्षे संगीतकारांनी त्याच्याकडून मुख्यतः तेच मागितले. तरीही त्याच्या घडणीतला प्रत्येक मोठा बदल वरच्या स्वरांच्या अडचणीतून आला आहे. वरचे स्वर स्वच्छ लागत नव्हते तोवर ते एक चमत्कारिक खटाटोप होते. ते लागू लागले तेव्हा ते वाद्यवृंदात स्थिरावले. आणि त्याहून वरचे स्वर वादकांनी काबीज केले तेव्हा ते स्वतंत्र मैफिलीचे वाद्य झाले.

ही अडचण समजून घेण्यासाठी क्लॅरिनेटचा स्वभाव पाहावा लागतो. सनई किंवा बासरीत फुंकर वाढवली की स्वर एक सप्तक वर जातो, मध्य षड्जाच्या जागी तार षड्ज मिळतो. क्लॅरिनेटचे तसे नाही. त्याची नळी बहुतेक लांबीभर एकसारख्या व्यासाची आणि रीडच्या टोकाला बंद असते. अशा नळीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपने सहज उभी राहतात. दुप्पट आणि चौपट कंपनांना फारसा थारा मिळत नाही. त्यामुळे मंद्र षड्ज वाजवताना स्वर वर उचलला, तर मध्य षड्ज न लागता थेट मध्य पंचम लागतो. आणखी वर उचलला, तर तार गंधार. क्लॅरिनेटवादकाची बोटे सप्तकाच्या हिशेबाने चालत नाहीत, ती पंचमाच्या हिशेबाने चालतात, ते यामुळेच.

तिपटीचा हा स्वर हमखास लागावा म्हणून नळीच्या वरच्या भागात एक बारीक छिद्र असते. डाव्या अंगठ्याच्या चावीने ते उघडते. त्याला रजिस्टरचे छिद्र म्हणतात. एखाद्या स्वरासाठी नळीची जेवढी लांबी वापरात असेल, तिच्या एक तृतीयांशावर, माउथपीसकडून मोजून, हे छिद्र असावे असा नियम. पण वापरातली लांबी प्रत्येक स्वराला वेगळी आणि छिद्र एकच. बास क्लॅरिनेटचा हिशेब मांडला तर सर्वांत लांब स्वरासाठी छिद्र सुमारे 39 सेंमीवर हवे आणि सर्वांत आखूड स्वरासाठी सुमारे 18 सेंमीवर. साध्या क्लॅरिनेटमध्ये हेच अंतर निम्मे असते आणि नळीही अरुंद, साधारण 15 मिमीची. तिथे मधली एखादी जागा धरून, छिद्र अगदी बारीक ठेवून निभावते. बास क्लॅरिनेटची नळी आतून 23-24 मिमी रुंद. तिच्यातला हवेचा स्तंभ वरच्या स्वरात ढकलायला बारीक छिद्र पुरत नाही, आणि मोठे छिद्र चुकीच्या जागी आले तर स्वर चढा होतो किंवा त्याला घरघर लागते. आधी खालचा स्वर गुरगुरतो, मग वरचा उमटतो. जुन्या बास क्लॅरिनेटचे मधले आणि वरचे सप्तक बेभरवशाचे होते, त्यामागचे एक मोठे कारण हे.

पहिल्या कारागिरांना या गोष्टीची फारशी फिकीर नव्हती. क्लॅरिनेट न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांच्या कारखान्यात 1700च्या आसपास घडले. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, 1772मध्ये, पॅरिसच्या जिल लो यांनी खर्जाच्या क्लॅरिनेटसारखे एक वाद्य जाहीर केले. ड्रेस्डेनच्या हाइन्रिश ग्रेन्झर यांनी 1793मध्ये केलेले बास क्लॅरिनेट स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. ते बसून या खर्जाच्या फुंकवाद्यासारखे दुमडलेले आहे: नळी खाली जाऊन वळते आणि पुन्हा वर येते. पुढच्या चार दशकांत फ्रान्सच्या लिझियो गावी देफोंतनेल, अमेरिकेत कनेटिकटमधील हार्टफर्ड इथे जॉर्ज कॅटलिन, गटिंगनमध्ये स्ट्राइटवोल्फ असे अनेकजण आपापल्या परीने हेच कोडे सोडवत होते. बहुतेकांचा भर दुमडलेल्या नळीवर होता आणि त्याला सबळ कारण होते. या वाद्यांचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे लष्करी बँड. कवायतीच्या मैदानात बसूनचा आवाज विरून जाई. त्याच्या जागी अधिक दमदार, चालता चालता वाजवता येणारे आणि बसूनच्या वादकाला हाताळायला सोपे असे खर्जाचे वाद्य हवे होते. दुमडलेल्या नळीमुळे स्वरांची छिद्रे बोटांच्या आटोक्यात येत. पण लाकडातून तिरकी पाडलेली ती छिद्रे ध्वनीच्या दृष्टीने योग्य जागी नसत आणि आकारानेही लहान पडत. खालचे स्वर त्यांतून दबके येत, वरचे डळमळीत.

या पिढीतल्या एका वाद्याला मात्र रंगभूमीवर मान मिळाला. इटलीतल्या कात्तेरिनो कात्तेरिनी यांनी ‘ग्लिचिबारिफोनो’ नावाचे दुमडलेले बास क्लॅरिनेट तयार केले होते. मेर्कादान्ते यांच्या ‘एम्मा दांतिओकिया’ या ऑपेरात त्यासाठी स्वतंत्र एकल भाग आहे. हा ऑपेरा 1834मध्ये व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात झाला. ऑपेरात बास क्लॅरिनेटला मिळालेली ही फार जुनी मोठी संधी. वाद्य मात्र तिथेच थांबले. कात्तेरिनींची रचना पुढे कोणी नेली नाही.

दोन वर्षांनी, 29 फेब्रुवारी 1836 रोजी, पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअर यांच्या ‘ले ह्यूगनो’चा पहिला प्रयोग झाला. पाचव्या अंकात मृत्यू समोर उभा असताना म्हातारा सेवक मार्सेल दोन प्रेमिकांना त्यांच्या निष्ठेविषयी विचारतो, लग्नविधीसारखाच तो प्रसंग. त्या वेळी जवळजवळ सगळा वाद्यवृंद गप्प असतो आणि एकटे बास क्लॅरिनेट गायकाशी बोलते. त्याची ओळ तळातून निघते, वर चढते आणि पुन्हा खोल उतरते. हा भाग वाजवला आयझॅक दाकोस्ता यांनी. ते ऑपेराचे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते आणि पॅरिसच्या बुफे कारखान्याच्या मदतीने त्यांनी स्वतःचे बास क्लॅरिनेट बनवून घेतले होते. मायरबेअर यांनी तिथे जे हेरले, त्याचे मोल मोठे आहे. बास क्लॅरिनेटचा आवाज निव्वळ बुटका किंवा जाड नाही, तो माणसाच्या गळ्याइतका वळणदार होऊ शकतो, हे त्या दृश्याने युरोपच्या संगीतकारांना ऐकवले.

त्याच सुमारास ब्रुसेल्समध्ये अ‍ॅडॉल्फ साक्स याच वाद्यावर काम करत होते. 1814मध्ये दिनां इथे जन्मलेले साक्स वाद्ये बनवणाऱ्या बापाच्या कारखान्यात वाढले आणि स्वतः उत्तम क्लॅरिनेट वाजवत. त्यांनी 1838मध्ये बास क्लॅरिनेटचे बेल्जियन पेटंट घेतले, तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते. पुढे सॅक्सोफोनमुळे त्यांचे नाव जगभर झाले, पण कारागीर म्हणून त्यांची पहिली मोठी कामगिरी हीच.

साक्स यांनी दुमडलेली नळी टाकून दिली आणि सरळ नळी घेतली. छिद्रे बोटांच्या सोयीने न पाडता ध्वनीच्या गरजेप्रमाणे पाडली, मोठी पाडली, आणि बोट पोहोचत नाही किंवा पुरत नाही तिथे चामड्याचे पॅड बसवलेली झाकणे दिली. यामुळे खालचे स्वर मोकळे झाले. पण त्यांच्या वाद्याला जुन्या वाद्यांपासून खऱ्या अर्थाने वेगळे केले ते दुसऱ्या एका गोष्टीने. त्यांनी रजिस्टरची दोन छिद्रे केली. एक खालच्या बाजूला, लांब नळीच्या स्वरांसाठी. दुसरे माउथपीसच्या जवळ, आखूड नळीच्या स्वरांसाठी. एकाच छिद्राकडून जी तडजोड करून घेतली जात होती ती दोघांत वाटली गेली, आणि मधले सप्तक पहिल्यांदाच तळापासून माथ्यापर्यंत एका जातीचे वाजू लागले. वाद्याचा पल्ला वाढवणारे कारागीर त्याआधीही होते. स्वराचा पोत सगळीकडे सारखा ठेवणे हा प्रश्न मुळापासून हाती घेतला तो साक्स यांनी, आणि या वाद्याच्या इतिहासात त्यांचे स्थान सर्वांत वरचे ठरते ते त्यासाठी.

साक्स 1842मध्ये पॅरिसला स्थायिक झाले. संगीतकार बर्लिओझ यांनी त्यांची बाजू वर्तमानपत्रात हिरिरीने मांडली आणि वाद्यवृंदरचनेवरच्या आपल्या ग्रंथात साक्स यांच्या बास क्लॅरिनेटची सुरेलता आणि एकसारखेपणा यांची प्रशंसा केली. गंमत अशी की त्याच बर्लिओझ यांनी या वाद्याचे सर्वोत्तम स्वर खालचेच असल्याचेही लिहून ठेवले. हा ग्रंथ पुढच्या पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखा वाचला. त्याच्या काळात तो सल्ला योग्यच होता, कारण चांगली वाद्ये मोजकी होती आणि ती सराईतपणे वाजवणारे त्याहून मोजके.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बास क्लॅरिनेट वाद्यवृंदात कायमचे आले. व्हेर्दी यांच्या ‘एर्नानी’त, 1844मध्ये, त्याला एकल ओळी मिळाल्या. वाग्नर यांनी ‘ट्रिस्टन आणि इझोल्डे’च्या दुसऱ्या अंकात मार्क राजाच्या दुःखाला त्याचाच स्वर दिला. चायकोव्हस्की यांच्या 1892च्या ‘नटक्रॅकर’मध्ये सेलेस्टाच्या किणकिणत्या स्वरांखाली ते घरंगळत उतरते. त्यांच्या सहाव्या सिंफनीतली एक प्रथा तर या वाद्याच्या स्वराविषयी पुष्कळ सांगून जाते. पहिल्या भागात क्लॅरिनेटची ओळ विरत विरत खाली येते आणि शेवटचे चार स्वर बसूनने वाजवावेत असे लिहिलेले आहे, तेही इतक्या हळू की त्यासाठी ‘पी’ हे अक्षर सहा वेळा छापावे लागले. बसूनला एवढे हळू वाजवणे फार कठीण, म्हणून हे चार स्वर बहुतेक ठिकाणी बास क्लॅरिनेटकडे देतात. ऐकू येईल न येईल अशा बेताने स्वर सुरू करणे आणि तसाच संपवणे, हे त्याला वाद्यवृंदातल्या इतर कोणत्याही खर्जाच्या वाद्यापेक्षा चांगले साधते.

या काळात वरचे स्वर मागे पडले त्याला लेखनपद्धतीचाही हातभार लागला असावा. फ्रेंच पद्धतीत बास क्लॅरिनेटचे स्वर साध्या क्लॅरिनेटसारखेच ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात. जर्मन पद्धतीत ते बास क्लेफमध्ये लिहितात. वाग्नर यांची ही पद्धत अनेकांनी उचलली. चेलो आणि बसूनच्या शेजारी, त्यांच्याच क्लेफमध्ये लिहिलेले वाद्य संगीतकाराच्या मनात खर्जाच्या पंगतीतच बसते. शिवाय वाद्यवृंदात बास क्लॅरिनेट बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्लॅरिनेटवादकाच्या हाती असे. चार ओळींपुरते ते उचलायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. त्याच्यावर आयुष्य खर्ची घालणारा वादक निर्माण व्हायला अजून अवकाश होता.

कारागिरी मात्र पुढे सरकत होती. दोन छिद्रांच्या वाद्यावर अंगठ्याला दोन चाव्या सांभाळाव्या लागत आणि वेगाच्या ओळीत नेमकी चूक होई. विसाव्या शतकात यावर स्वयंचलित यंत्रणा रूढ झाली. आता अंगठा एकच चावी दाबतो. उजव्या हाताची अनामिका आपल्या झाकणावर असेल तर खालचे छिद्र उघडते; अनामिका उचलली की ते मिटते आणि वरचे उघडते. वादकाला या अदलाबदलीचा विचारही करावा लागत नाही. त्यासाठी दांडे, स्प्रिंगा आणि सांधे यांची नाजूक साखळी नळीवर बसवलेली असते. तिच्यातला एक स्क्रू पाव फेरा ढिला झाला तरी मधल्या सप्तकाचे निम्मे स्वर बिघडतात.

त्याहूनही वरच्या, पाचपट कंपनांच्या स्वरांसाठी आणखी एक युक्ती लागली. साध्या क्लॅरिनेटवर हे स्वर डावी तर्जनी उचलून मिळतात, कारण तिच्याखालचे छिद्र अशा वेळी आणखी एका रजिस्टर छिद्राचे काम करते. बास क्लॅरिनेटवर तेच छिद्र फार मोठे असते. ते पूर्ण उघडले तर स्वर फुटतो. म्हणून तर्जनीच्या झाकणालाच मधोमध एक लहान भोक ठेवतात आणि त्याला लागून एक छोटी पट्टी देतात. वरचा स्वर हवा असेल तेव्हा बोट उचलायचे नाही, ते पट्टीवर खाली सरकवायचे. झाकण मिटलेलेच राहते आणि फक्त भोक उघडे पडते. बोटाच्या या किंचित सरकण्यावर बास क्लॅरिनेटचे सगळे तार सप्तक उभे आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात छोट्या वाद्यमेळांनी या वाद्याला जवळ केले. शोनबर्ग यांनी 1912च्या ‘पिएरो ल्यूनेअर’मध्ये क्लॅरिनेटवादकाच्या हाती आलटून पालटून बास क्लॅरिनेट दिले. यानाचेक यांच्या 1924च्या ‘म्लादी’ या सहा वाद्यांच्या रचनेत ते तळाची बाजू सांभाळते. स्विस संगीतकार ओथमार शेक यांनी 1927-28मध्ये बास क्लॅरिनेट आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. तरीही सबंध मैफल एकट्या बास क्लॅरिनेटवर पेलता येईल असे कोणी मानत नव्हते.

ते 24 मार्च 1955 रोजी बर्नो शहरात सिद्ध झाले. चेक क्लॅरिनेटवादक योसेफ होराक यांनी त्या दिवशी फक्त बास क्लॅरिनेटचा कार्यक्रम केला. अशा स्वरूपाची ही पहिली मैफल मानली जाते. हाताशी संगीत नव्हते, म्हणून त्यांनी इतर वाद्यांसाठीच्या रचना घेतल्या आणि संगीतकारांना नव्या लिहायला लावल्या. आलॉइस हाबा यांनी त्यांच्यासाठी एकल बास क्लॅरिनेटचा सूट लिहिला. 1963पासून पियानोवादक एम्मा कोवार्नोवा यांच्यासोबत ‘दुए बोएमी दि प्रागा’ या नावाने त्यांनी देशोदेशी कार्यक्रम केले. चेलोसाठी लिहिलेली चाल बास क्लॅरिनेटवर वाजवायची तर तिच्या वरच्या जागा सोडून चालत नाही. होराक यांनी त्या सोडल्या नाहीत, आणि वाद्याचा वापरातला पल्ला चार सप्तकांच्या पलीकडे नेला.

अटलांटिकपलीकडे हेच काम जॅझमध्ये एरिक डॉल्फी करत होते. लॉस एंजेलिसमध्ये 1928 साली जन्मलेले डॉल्फी ऑल्टो सॅक्सोफोन आणि बासरीही वाजवत, पण बास क्लॅरिनेटला जॅझमध्ये एकल वाद्याचा दर्जा मिळाला तो त्यांच्यामुळे. 1961मध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ ऐकावे. साथीला कोणी नाही. तळाच्या स्वरांची फिरती वर्तुळे ते सतत चालू ठेवतात आणि मधूनच दोन-अडीच सप्तकांची उडी घेऊन वरची चाल दाखवतात, त्यामुळे एकाच वाद्यातून दोन माणसे वाजवत असल्याचा भास होतो. वरच्या स्वरांतला किंचित किंचाळीचा अंश ते लपवत नाहीत. तो त्यांच्या बोलीचाच भाग आहे. फेब्रुवारी 1964मध्ये त्यांनी ‘आउट टू लंच’ ध्वनिमुद्रित केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. सहा वर्षांनी बाजारात आलेल्या माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’मध्ये बेनी मॉपिन यांनी बास क्लॅरिनेट वाजवले आणि विजेच्या वाद्यांच्या गर्दीत त्याचा धुरकट खर्ज लक्षावधी श्रोत्यांपर्यंत गेला.

डच वादक हॅरी स्पार्नाय यांनी 1972मध्ये गाउदेआमुस ही समकालीन संगीताच्या वादकांची स्पर्धा जिंकली. बास क्लॅरिनेट घेऊन ती जिंकणारे ते पहिले. त्यांच्यासाठी शेकडो रचना लिहिल्या गेल्या. त्यांपैकी ब्रायन फर्नीहो यांची ‘टाइम अँड मोशन स्टडी वन’ अत्यंत अवघड मानली जाते, कारण तिच्यात वाद्याचा तळ आणि माथा क्षणाक्षणाला बदलतो. अ‍ॅमस्टरडॅमला आणि पुढे बार्सिलोनाला शिकवून स्पार्नाय यांनी बास क्लॅरिनेट हाच मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची पिढी घडवली.

या वादकांच्या हातून स्वर सुधारण्याची जी रीत रुळली, ती आजच्या शिक्षणाचा पाया आहे. साध्या क्लॅरिनेटवरून आलेला विद्यार्थी सवयीने ओठ आवळतो. बास क्लॅरिनेटचा माउथपीस मोठा आणि रीड रुंद असल्याने आवळलेल्या ओठांनी रीडचे कंपन दबते: खालचे स्वर कोरडे पडतात, वरचे चिंचोळे होतात. म्हणून माउथपीस तोंडात थोडा अधिक घ्यायचा, खालचा ओठ मऊ ठेवायचा, आणि स्वर वर नेण्याचे काम जबड्याकडून काढून जिभेच्या मागच्या भागाकडे आणि घशाकडे सोपवायचे. खर्जासाठी घसा मोकळा, ‘ओ’ म्हणताना असतो तसा. तारस्वरासाठी जिभेचा मागचा भाग वर उचललेला, ‘ई’ म्हणताना असतो तसा. फुंकर दोन्हीकडे सारखीच भरीव. रीड फार कडक घेतली तर तळ जड होतो आणि हळू सुरुवात साधत नाही. फार नरम घेतली तर माथ्याचे स्वर बसतात. मानेचा कोनही महत्त्वाचा आहे. काटकोनात वळलेल्या जुन्या मानेत माउथपीस तोंडात जवळजवळ आडवा येई. नंतर माना अधिक उघड्या कोनाच्या झाल्या आणि क्लॅरिनेटवादकाला ओळखीची पकड मिळाली.

कोणताही वरचा स्वर फुटत असेल तर आधी वाद्य तपासतात. एखादा पॅड कणभर जरी उघडा राहिला तरी वरचे सप्तक आधी कोसळते. पातळ कागदाची पट्टी पॅडखाली ठेवून, झाकण मिटून ती हलकेच ओढतात. ती सहज सुटली तर हवा तिथून निसटते आहे. वरचा आणि खालचा भाग जोडताना मधली जोडचावी नीट बसली नाही तर हाच दोष उद्भवतो, आणि नवशिक्या वादक तो स्वतःच्या ओठांचा समजून आठवडे वाया घालवतो.

वाद्य निर्दोष असेल तर घशाचा सराव सुरू होतो, आणि त्यात क्लॅरिनेटच्या नळीचा मूळ स्वभावच कामी येतो. सर्वांत खालचा स्वर लावायचा, लांबवायचा, आणि एकही बोट न हलवता, रजिस्टरच्या चावीला हात न लावता, केवळ जीभ आणि घसा यांच्या हालचालीने त्याचा पंचम बाहेर काढायचा. तो स्थिर झाला की त्याच्यावरचा गंधार, मग कोमल निषादापेक्षा उतरलेला सातवा अंश, आणि त्याच वाटेने सावकाश पुन्हा तळाला. प्रत्येक स्वर चावीशिवाय ओळखता आला की चावीसह तो चुकत नाही. खर्जाच्या प्रत्येक स्वरावरून हा सराव रोज करवून घेतात. त्यानंतर तर्जनीची पट्टी शिकवतात.